स्वतःच्या नावचा सातबारा

ओलाउडा इक्वियानोचे भांडवल होते तीन पेन्स. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट युस्टेशियस बेटावर त्याने त्या तीन पेन्सचा एक काचेचा पेला घेतला आणि माँटसेराटला आल्यावर तो सहा पेन्सला विकला. पुढच्या खेपेला दोन पेले घेतले. इक्वियानो गुलाम होता. बेटाबेटांतून जहाजावर फिरायचे, मालकाचा माल चढवायचा-उतरवायचा आणि त्यातच एखाद्या कोपऱ्यात स्वतःचे गाठोडे ठेवायचे, असा त्याचा तीनेक वर्षांचा क्रम. गोरी गिऱ्हाइके माल घेत आणि पैसे बुडवत. गोऱ्या माणसाविरुद्ध गुलामाची साक्ष न्यायालयात चालत नसे, त्यामुळे दाद मागायची सोय नव्हती. तरीही जुलै १७६६ पर्यंत ४० पौंड जमले. ते त्याने मालक रॉबर्ट किंग याच्या हाती दिले आणि स्वतःला विकत घेतले.

पैसे आणलेस तर मुक्त करीन, हा दिलेला शब्द किंगने पाळला. सगळे मालक तेवढेही करत नसत. पण ४० पौंडांना त्याने विकले काय? इक्वियानोचे हात, पाय, झोप, भूक, त्याने शिकून घेतलेला हिशेब आणि जहाज चालवण्याची विद्या हे सगळे किंगचे कधी झाले? कागदोपत्री व्यवहार चोख होता, साक्षीदार होते, नोंद होती. तरी विकणाऱ्याकडे विकण्यासारखे काहीच नव्हते, असे आज कोणीही म्हणेल.

हे आज सहज म्हणता येते, त्यामागे जवळजवळ चारशे वर्षांचे भांडण आहे. माणूस जन्मतःच स्वतःचा मालक असतो. हा हक्क त्याला राजाने दिलेला नसतो, म्हणून राजाला तो काढूनही घेता येत नाही. आणि जसा मी माझा, तसा दुसरा त्याचा, म्हणून मलाही त्याच्यावर जबरदस्ती करता येत नाही. एवढ्या तीन वाक्यांवर उभ्या असलेल्या विचाराला जगभर लिबर्टेरियन, म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्यवादी, विचार म्हणतात. आपल्याकडे तो कानावर पडतो तो बहुतेक अमेरिकेतल्या करविरोधी श्रीमंतांच्या तोंडून, आणि त्यामुळे हे पैसेवाल्यांचे तत्त्वज्ञान असा समज पक्का झाला आहे. त्याचा जुना इतिहास वाचला तर तिथे माणसे भेटतात ती कैदी, गुलाम, नांदायला नकार देणाऱ्या बायका आणि शेतकरी.

सुरुवात लंडनच्या तुरुंगात होते. १६३७ च्या डिसेंबरात जॉन लिलबर्न नावाच्या एका तरुणाला अटक झाली. कापडाच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी केलेला हा विशीतला मुलगा. हॉलंडमध्ये छापलेली, परवाना नसलेली धार्मिक पुस्तके त्याने इंग्लंडमध्ये आणली, असा आरोप होता. खटला स्टार चेंबरपुढे चालला. हे राजाच्या मर्जीतले न्यायालय होते. तिथे ज्युरी नसे आणि आरोपीला आधी शपथ घ्यावी लागे, की विचाराल त्या प्रश्नाचे उत्तर देईन. आपल्यावर नेमका आरोप काय आहे हेही त्याला धड ठाऊक नसे. लिलबर्नने शपथ घ्यायला नकार दिला. स्वतःविरुद्ध बोलायला कोणी मला भाग पाडू शकत नाही, हे त्याचे म्हणणे. एप्रिल १६३८ मध्ये त्याला गाडीच्या मागे बांधून फ्लीट तुरुंगापासून वेस्टमिन्स्टरपर्यंत उघड्या पाठीवर फटके मारत नेले गेले. तिथे खोड्यात मान अडकवून उभे केल्यावर त्याने जमलेल्या लोकांपुढे भाषण सुरू केले आणि खिशातली पत्रके गर्दीत फेकली. शेवटी त्याच्या तोंडात बोळा कोंबावा लागला.

लिलबर्नच्या पाठीवरचे वळ वाया गेले नाहीत. १६४१ मध्ये स्टार चेंबर बरखास्त झाले. अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये मिरांडा खटल्याचा निकाल दिला, ज्यामुळे पोलिसांना प्रत्येक आरोपीला गप्प राहण्याचा हक्क समजावून सांगावा लागतो. त्या निकालपत्रात लिलबर्नच्या खटल्याचा उल्लेख आहे. भारताच्या राज्यघटनेच्या कलम २० मधले तिसरे उपकलम, कोणत्याही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही असे सांगणारे, त्याच वाटेने आपल्यापर्यंत आले आहे.

पुढे इंग्लंडमध्ये राजा आणि संसद यांच्यात युद्ध पेटले. लिलबर्न संसदेच्या बाजूने लढला, आणि जिंकत आलेल्या संसदेनेही त्याला तुरुंगात टाकले, कारण तो गप्प बसत नव्हता. त्याच्याभोवती जमलेल्या गटाला विरोधकांनी ‘लेव्हलर्स’ हे नाव चिकटवले. सगळ्यांना एका पातळीवर आणू पाहणारे, अशा अर्थाची ती शिवी होती. या गटातला रिचर्ड ओव्हरटन हा छपाईच्या धंद्यातला माणूस. १६४६ च्या ऑक्टोबरात न्यूगेटच्या तुरुंगातून त्याने एक पत्रक बाहेर काढले. प्रत्येक माणसाला निसर्गाने स्वतःची अशी एक मालमत्ता दिली आहे, ती म्हणजे तो स्वतः, आणि तिच्यावर कोणालाही अतिक्रमण करता येत नाही, हे त्यात इतक्या स्पष्टपणे मांडले आहे की पुढच्या साडेतीनशे वर्षांत कोणा तत्त्वज्ञाला त्याहून नेमके बोलता आले असे वाटत नाही. ओव्हरटनच्या बायकोनेही त्याची किंमत मोजली. मेरी ओव्हरटनला तिच्या तान्ह्या मुलासकट लंडनच्या रस्त्यांवरून ओढत तुरुंगात नेले.

१६४७ च्या ऑक्टोबरअखेर लंडनबाहेरच्या पटनी गावातल्या चर्चमध्ये सैन्याच्या प्रतिनिधींची सभा भरली. सेनापती आणि साधे शिपाई एका टेबलाभोवती बसून देशाच्या भावी व्यवस्थेवर वाद घालत होते. सैन्यातला एक लिपिक, विल्यम क्लार्क, हे सगळे लघुलिपीत टिपत होता. ती वही जवळजवळ अडीचशे वर्षे पडून राहिली, शेवटी ऑक्सफर्डच्या एका महाविद्यालयात, आणि १८९१ मध्ये छापली गेली, म्हणून आपल्याला त्या सभेतला शब्दन् शब्द जवळजवळ ऐकू येतो. कर्नल रेन्सबरोने बाजू मांडली, की इंग्लंडमधल्या गरिबातल्या गरीब माणसालाही सरदाराइतकेच जगायचे असते, म्हणून ज्या सरकारला त्याने संमती दिली नाही त्याचे हुकूम त्याने पाळणे बंधनकारक नाही. संसदेच्या सैन्याचा सेनानी क्रॉमवेल याचा जावई आयर्टन याने उलट विचारले: निसर्गाच्या नावाने मत मागता, मग उद्या कोणी निसर्गाच्याच नावाने माझी जमीन मागितली तर?

आयर्टनचा प्रश्न अजून जुना झालेला नाही. लेव्हलर्स स्वतः मालमत्तेच्या विरोधात नव्हते, उलट मालमत्तेची वाटणी करणार नाही असे ते वारंवार सांगत. त्यांना हवे होते ते धर्माचे स्वातंत्र्य, कायद्यापुढे समानता, व्यापारातल्या मक्तेदाऱ्यांचा शेवट आणि सक्तीच्या सैन्यभरतीवर बंदी. पण मताच्या हक्कातून नोकर आणि भिकारी वगळायला त्यांच्यातलेही काहीजण तयार झाले, आणि बायकांचा तर प्रश्नच कोणी काढला नाही. १६४९ मध्ये लेव्हलर बायका कैदेतल्या नेत्यांच्या सुटकेचा अर्ज घेऊन संसदेवर गेल्या, तेव्हा घरी जाऊन भांडी घासा असे त्यांना सुनावण्यात आले. त्यांनी दुसरा अर्ज आणला आणि त्यात ठणकावून सांगितले की या देशाच्या स्वातंत्र्यात पुरुषांइतकाच आमचाही वाटा आहे. त्याच महिन्यात, मे १६४९ मध्ये, बर्फर्ड गावच्या चर्चच्या आवारात क्रॉमवेलच्या हुकमाने बंडखोर लेव्हलर शिपायांपैकी तिघांना गोळ्या घातल्या गेल्या आणि चळवळ संपल्यात जमा झाली.

शिपायांचा विचार चाळीस वर्षांनी तत्त्वज्ञाच्या पुस्तकात गेला. जॉन लॉक यांनी १६८९ मध्ये नाव न छापता प्रसिद्ध केलेल्या शासनविषयक दोन प्रबंधांत मांडणी अशी आहे: माणूस स्वतःचा मालक, म्हणून त्याच्या श्रमाचाही मालक, म्हणून मोकळ्या जमिनीत त्याने श्रम मिसळले की ती जमीन त्याची. सरकार लोक स्थापन करतात ते आयुष्य, स्वातंत्र्य आणि मालमत्ता राखण्यासाठी. ते सरकारच लुटायला लागले तर ते बदलण्याचा हक्क लोकांना आहे. अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यामागे हा विचार आहे, आणि निम्म्या जगाच्या घटनांमागेही.

मात्र याच लॉक यांनी गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत पैसे गुंतवले होते. कॅरोलिना वसाहतीच्या मालकांचे चिटणीस असताना १६६९ च्या ज्या संविधानाच्या कामात ते होते, त्यात प्रत्येक स्वतंत्र माणसाला त्याच्या काळ्या गुलामावर संपूर्ण सत्ता दिलेली आहे. असे अंतर या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते. सिद्धांत सगळ्या माणसांसाठी लिहिला जातो, आणि माणूस कोणाला म्हणायचे हे लिहिणाराच ठरवतो. त्यामुळे या विचाराचे मोठेपण तो मांडणाऱ्यांच्या वर्तनावरून मोजायला गेले तर हाती निराशा येते. ज्यांना त्यातून वगळले त्यांनीच तो उचलून धरला, त्याची खरी कसोटी तिथे लागली.

इक्वियानोने स्वतःच्या आयुष्याची कहाणी १७८९ मध्ये लंडनमध्ये छापली आणि गावोगाव फिरून विकली. ब्रिटिश साम्राज्यातल्या गुलामगिरीविरोधी चळवळीला त्या पुस्तकाने मोठे बळ दिले. अखेर १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला, पण त्या कायद्याने दोन कोटी पौंडांची भरपाई दिली ती मालकांना. ज्यांचे आयुष्य चोरले गेले त्यांना एक पेनीही मिळाली नाही. तत्त्व मान्य झाले होते, हिशेब मात्र जुनाच राहिला.

अमेरिकेत फ्रेडरिक डग्लस यांच्या बाबतीत हाच हिशेब उघड वादाचा विषय झाला. १८३८ मध्ये ते मेरीलँडमधून पळाले, वक्ते म्हणून गाजले आणि पकडले जाण्याच्या भीतीने ब्रिटनला गेले. तिथल्या मित्रांनी १८४६ मध्ये १५० पौंड गोळा करून त्यांच्या जुन्या मालकाकडून त्यांना सोडवले. गुलामगिरीचे काही कडवे विरोधक संतापले. पैसे देणे म्हणजे मालकी मान्य करणेच, असा त्यांचा आक्षेप. दुसऱ्या बाजूचे उत्तर होते, की दरोडेखोराला खंडणी दिली म्हणून तो मालक ठरत नाही. दोन वर्षांनी डग्लस यांनी त्या मालकाला जाहीर पत्र लिहिले. मी पळालो तेव्हा तुझे काहीच नेले नाही, फक्त माझे होते ते घेऊन आलो, असा त्याचा आशय आहे. ओव्हरटनच्या पत्रकातले तत्त्व इथे पहिल्यांदा त्याच्या खऱ्या वारसाच्या हातात आले, असे म्हणावेसे वाटते.

डग्लस यांच्या विचारावर प्रभाव टाकणाऱ्यांत लायसँडर स्पूनर हे मॅसॅच्युसेट्सचे वकील होते. अमेरिकन घटना गुलामगिरीला मुळीच मान्यता देत नाही, असे पुस्तक त्यांनी १८४५ मध्ये लिहिले. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी सरकारी टपालाशी टक्कर घेतली होती. सरकारी दर अवाच्या सवा होते, म्हणून स्पूनरनी स्वतःची टपाल कंपनी काढून न्यूयॉर्क, बोस्टन, फिलाडेल्फिया या शहरांत स्वस्तात पत्रे पोचवायला सुरुवात केली. सरकारने खटले भरून आणि मक्तेदारीचा कायदा कडक करून कंपनी बुडवली, पण १८४५ मध्ये टपालाचे दरही उतरवावे लागले. गुलामाची बेडी आणि टपालाची मक्तेदारी एकाच माणसाला सारखीच का टोचत होती, हे समजले तर या विचाराची जातकुळी समजते. आपल्या संमतीशिवाय आपल्यावर चालवलेली सत्ता, एवढीच त्याची तक्रार. बाकी सगळे त्यातून निघते.

हा विचार महाराष्ट्रात पोचला तोही तळातूनच. जोतीराव फुले आणि त्यांच्या मित्रांनी १८४७ च्या सुमारास टॉमस पेन यांचे माणसाच्या हक्कांवरचे पुस्तक वाचले. पेन इंग्लंडमधल्या एका छोट्या गावातल्या कारागिराचा मुलगा, कॉर्सेट शिवण्याचे काम केलेला. हक्क हे राजाची देणगी नव्हेत हे त्याने साध्या माणसाच्या भाषेत सांगितले होते. फुल्यांनी ते जातीच्या व्यवस्थेला लावले. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली आणि १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ आला. तो त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. डग्लस आणि फुले एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण ती अर्पणपत्रिका दोघांच्या लढ्यांना जोडते.

या सगळ्या इतिहासातला सगळ्यात धारदार प्रसंग मात्र मुंबईच्या उच्च न्यायालयात घडला. रखमाबाई या मुलीचे अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न लावले होते. ती आईकडेच राहिली. आईने ज्यांच्याशी पुनर्विवाह केला त्या डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरात तिला वाचनाची गोडी लागली. १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला, की बायकोला नांदायला पाठवण्याचा हुकूम व्हावा. रखमाबाईंचे उत्तर असे होते, की समज नसलेल्या वयात झालेल्या लग्नाने मी बांधली जात नाही. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. वैवाहिक हक्क परत मिळवून देण्याचा हा उपाय हिंदू धर्मशास्त्रातला नाही, तो इंग्लंडमधून आयात झाला आहे, आणि एका तरुणीला तिच्या मनाविरुद्ध नावडत्या पुरुषाच्या हवाली करणे रानटीपणाचे होईल, असे त्यांनी स्पष्ट म्हटले.

गावभर गदारोळ झाला. अपिलात प्रकरण परत पाठवले गेले आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला: एका महिन्यात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. ज्या इंग्लंडमधून हा कायदा आला तिथे नांदायला नकार देणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद १८८४ मध्येच रद्द झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे वसाहतीतल्या बाईच्या देहाचा भाव काय होता ते कळते. ‘केसरी’ने या प्रकरणात रखमाबाईंवर कडाडून टीका केली. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन दादाजींशी तडजोड झाली. इक्वियानोच्या ४० पौंडांसारखीच ही रक्कम होती. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट इथे त्यांनी पुढची अनेक वर्षे बायकांच्या आरोग्यासाठी घालवली. वैवाहिक हक्क परत मिळवण्याची तरतूद हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात आजही आहे. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. आता हुकूम मोडला तर तुरुंग नाही, मालमत्तेवर जप्ती येऊ शकते.

त्याच दशकात पुण्यात गोपाळ गणेश आगरकर मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज तत्त्वज्ञ वाचत होते. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्ये व्यक्तिस्वातंत्र्यावरच्या निबंधात सीमारेषा आखून दिली होती. दुसऱ्याला इजा होत असेल तरच समाजाने किंवा सरकारने माणसाच्या आड यावे. त्याचे भले करण्यासाठी नव्हे. मिल ३५ वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरीला होते, आणि ‘मागासलेल्या’ समाजांना हे तत्त्व लागू नाही, त्यांना चांगला हुकूमशहा पुरे, असे त्यांनी त्याच निबंधात लिहून ठेवले. आगरकरांनी मिलची सीमारेषा घेतली, हा अपवाद घेतला नाही. १८९१ मध्ये संमतिवयाचे बिल आले. मुलीचे संमतिवय दहावरून बारावर नेण्याचा तो प्रस्ताव होता. परक्या सरकारने आमच्या घरात डोकावू नये, ही टिळकांची भूमिका. वरवर पाहता स्वातंत्र्याची भाषा हीच होती. पण आगरकरांनी पाहिले की घर ही काही व्यक्ती नव्हे. त्या घरात जिच्यावर जबरदस्ती होते ती दहा वर्षांची मुलगी ही व्यक्ती आहे. स्वातंत्र्य कोणाचे, हा प्रश्न इतका नेमका विचारणारी माणसे त्या काळात युरोपातही थोडीच होती.

विसाव्या शतकात लढाईची जागा बदलली. दोन महायुद्धांत सरकारे अवाढव्य झाली. काय पिकवायचे, काय छापायचे, कोणाला किती मिळावे, हे नियोजन मंडळे ठरवू लागली. ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञ फ्रीड्रिख हायेक यांनी १९४४ मध्ये इशारा दिला, की अर्थव्यवस्थेची सूत्रे एका हातात गेली की बाकीची स्वातंत्र्येही त्याच हातात जातात. १९४७ च्या एप्रिलमध्ये स्वित्झर्लंडच्या माँ पेलरँ गावी त्यांनी समविचारी अभ्यासकांना जमवले. भारतात या प्रवाहाचे एकाकी प्रतिनिधी होते अर्थतज्ज्ञ बी. आर. शेणॉय. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेवर सल्ला देणाऱ्या अर्थतज्ज्ञांच्या मंडळात १९५५ मध्ये एकट्या त्यांनी भिन्नमतपत्रिका जोडली.

मुंबईत रणछोडदास लोटवाला नावाचे उद्योजक होते. १९२० च्या दशकात त्यांनी तरुण कॉम्रेड डांग्यांना पैसे आणि ग्रंथालय पुरवले होते. पुढे रशियातली दडपशाही पाहून ते साम्यवादापासून दूर गेले आणि १९५० च्या दशकात त्यांच्या संस्थेतून ‘इंडियन लिबर्टेरियन’ हे नियतकालिक निघू लागले. भारतीय कम्युनिस्ट चळवळीच्या पाळण्याची दोरी ज्या हाताने ओढली, त्याच हाताने हे रोपही लावले, ही गोष्ट मुंबईच्या वैचारिक इतिहासात जितकी सांगायला हवी तितकी सांगितली जात नाही. राजकारणात हा विचार १९५९ मध्ये स्वतंत्र पक्षाच्या रूपाने उतरला. काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने सहकारी सामुदायिक शेतीचा ठराव केला, त्याविरुद्ध राजाजी, एन. जी. रंगा, मिनू मसानी एकत्र आले. १९६७ मध्ये या पक्षाचे ४४ खासदार निवडून आले, आणि सात वर्षांनी पक्षच उरला नाही.

या विचारावरचा सगळ्यात बिनतोड आक्षेप अमेरिकेतला नाही, तो डॉ. आंबेडकरांचा आहे. संविधान सभेसाठी १९४७ मध्ये तयार केलेल्या निवेदनात त्यांनी विचारले, की सरकारने हात काढून घेतला तर जे स्वातंत्र्य उरते ते कोणाचे? जमीनदाराला खंड वाढवण्याचे, कारखानदाराला कामाचे तास वाढवून मजुरी कमी करण्याचे. उपाशी माणूस नोकरीसाठी आपले हक्क गहाण टाकतो, तेव्हा त्याच्यावर तलवार कोणी उगारलेली नसते, तरी तो स्वतःचा मालक राहत नाही. त्यासाठी शेतजमीन आणि मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे करावेत, असा त्यांचा प्रस्ताव होता. उपाय पटो न पटो, प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते. हार्वर्डचे तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉझिक यांनी १९७४ मध्ये या पंथाचा सगळ्यात गाजलेला ग्रंथ लिहिला. बास्केटबॉलचा लाडका खेळाडू विल्ट चेंबरलेन याला प्रेक्षकांनी खुशीने तिकिटामागे २५ सेंट जादा दिले आणि तो श्रीमंत झाला, तर अन्याय कोणावर झाला, असे ते विचारतात. युक्तिवाद सुरेख आहे. पण त्यात सगळे प्रेक्षक खिशात पैसे घेऊन आलेले आहेत. आंबेडकरांचा माणूस स्टेडियमच्या दारापर्यंतही पोचलेला नाही.

याच काळात अमेरिकेत या विचाराने एक मोठी लढाई जिंकलीही. व्हिएतनाम युद्धासाठी तरुणांना सक्तीने सैन्यात ओढले जात होते. ती सक्ती संपवण्याची शिफारस करणाऱ्या आयोगात अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन होते, आणि १९७३ मध्ये भरतीची सक्ती थांबली. लेव्हलर शिपायांनी १६४७ मध्ये मागितलेली गोष्ट ती हीच.

भारतात आंबेडकरांच्या प्रश्नाला प्रत्यक्ष शेतात उभे राहून भिडलेला स्वातंत्र्यवादी म्हणजे शरद जोशी. स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेची नोकरी सोडून ते परतले, चाकणजवळ आंबेठाणला त्यांनी कोरडवाहू जमीन घेतली आणि शेतीचा हिशेब स्वतः मांडून पाहिला. गरिबाला सरकारने मदत करावी हे ठीक, पण सरकारच त्याला गरीब ठेवत असेल तर? कांद्यावर निर्यातबंदी, धान्यावर लेव्ही, आणि महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी. शेतकऱ्याने स्वतः पिकवलेला कापूस राज्याबाहेर नेऊन विकला तर तो तेव्हा गुन्हा ठरे. जगाच्या बाजारात मिळाला असता त्याहून कमी भाव शेतकऱ्याच्या हाती पडतो, त्या फरकाला जोशी ‘उणे सबसिडी’ म्हणत. १९८० मध्ये चाकणचे कांदा आंदोलन आणि नंतर नाशिक भागातले ऊस-कांद्याचे आंदोलन झाले, तेव्हा रस्त्यावर बसलेल्यांची घोषणा होती, ‘भीक नको, हवे घामाचे दाम’. श्रमाच्या फळावर श्रम करणाऱ्याची मालकी हे लॉकचे सूत्र लॉक न वाचलेल्या लाखो माणसांनी इतक्या कमी शब्दांत मांडले.

आणि जोशी तिथेच थांबले नाहीत, हे त्यांचे खरे वेगळेपण. शेतकरी लुटला जातो तसे शेतकऱ्याच्या घरात कोण लुटले जाते, असे त्यांनी स्वतःच्याच अनुयायांना विचारले. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरले. त्यानंतरच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात नवऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून द्यायचा होता, आणि गावेच्या गावे त्यात उतरली. तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर बाईचे नाव चढवणे हे रखमाबाईंच्या लढ्याचेच पुढचे पाऊल होते. पुढे राज्यसभेत असताना राजकीय पक्षांना समाजवादावरील निष्ठेची शपथ घ्यायला लावणारी १९८९ पासूनची तरतूद बदलावी म्हणून त्यांनी खासगी विधेयक मांडले. ९ मार्च २०१० रोजी महिला आरक्षणाच्या विधेयकाविरुद्ध राज्यसभेत पडलेले एकमेव मतही त्यांचे होते. चांदवड घडवणाऱ्या माणसाने ते मत द्यावे, याचा त्यांच्या अनेक सहकारी बायकांना आजही सल वाटला तर त्यात नवल नाही.

आज या परंपरेचा वाद मराठवाड्यात आणि विदर्भात चालू आहे. अंबाजोगाईचे अमर हबीब यांचे किसानपुत्र आंदोलन १८ जून हा शेतकरी पारतंत्र्य दिवस मानते. १९५१ मध्ये त्या दिवशी पहिली घटनादुरुस्ती लागू झाली. तिने नववे परिशिष्ट निर्माण केले आणि त्यात टाकलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आधारे न्यायालयात आव्हान देण्याची वाट बंद केली. सुरुवातीला त्यात १३ कायदे होते. आता २८४ आहेत, आणि त्यात शेतजमिनीशी संबंधित कायद्यांचा भरणा मोठा आहे. मालमत्तेचा मूलभूत हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने संपला. महाराष्ट्रात बारमाही बागायत जमिनीची कमाल मर्यादा कुटुंबाला १८ एकर आणि कोरडवाहूची ५४ एकर आहे. शहरी जमिनीवरची कमाल मर्यादा राज्याने २००७ मध्ये उठवली, शेतीवरची तशीच आहे. ही मर्यादा उठवा, असे किसानपुत्र म्हणतात. दुसरीकडे, याच कायद्यामुळे निघालेल्या वरकड जमिनीचा तुकडा ज्या भूमिहीन, मुख्यतः दलित आणि आदिवासी, कुटुंबांना मिळाला, त्यांच्याकडेही त्याच जमिनीचा सातबारा आहे आणि त्यांचाही घाम तिच्यात दोन पिढ्या मिसळला आहे.